गोदाकाठचा कापूस आणि दर्यावरचे शीड

परभणी जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. सरळ रेषेत मोजला तरी अरबी समुद्र इथून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. आमच्या वाट्याला गोदावरी आली, पूर्णा आली, दुधना आली. आणि त्यांचे पाणीही शेवटी जाते ते पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. अशा जिल्ह्यातल्या माणसांनी जहाजाच्या शिडांविषयी, शिडांच्या डागडुजीविषयी का लिहावे, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. आमचे उत्तर साधे आहे. शीड कापडाचे असते, कापड कापसाचे असते आणि कापूस आमच्या काळ्या मातीत पिकतो.

दर्यावरचा इतिहास सांगताना आपण लढाया सांगतो, किल्ले सांगतो, सरखेलांची नावे सांगतो. पण शिडाचे जहाज चालते ते वाऱ्यावर, आणि वारा पकडते ते कापड. हे कापड उन्हाने विरते, मिठाने कडक होते, ओलीने कुजते आणि दोरावर घासून फाटते. दर हंगामात ते शिवावे लागते. ज्यांनी कापूस वेचला, पिंजला, कातला, विणला, शिवला आणि फाटल्यावर पुन्हा शिवला, त्या माणसांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. त्यांत आपली माणसे फार होती. म्हणून ही गोष्ट आपण सांगितली पाहिजे असे आम्हाला वाटते.

शीड कशाचे?

कोकणात कापूस पिकत नाही. तिथला धो-धो पाऊस आणि जांभ्याची जमीन कापसाला मानवत नाही. तिथे नारळ होतो. त्याच्या काथ्याचे दोर होतात. सागवान मिळते, त्याचे जहाज होते. पण शिडाचा कापूस घाटावरून तरी उतरायचा किंवा गुजरातेतून तरी यायचा. म्हणजे कोकणच्या बंदरात उभे असलेले गलबत अर्धे कोकणचे असायचे आणि अर्धे परमुलखातले. त्याचा लाकडी देह किनाऱ्यावरचा, पण वाऱ्यावर फुगणारे अंग दूरच्या काळ्या मातीचे.

घाटावरचे कापड समुद्राकडे जाण्याची ही वाट फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे दर्यावर्दी वर्णन आजही उपलब्ध आहे. त्यात पैठण आणि तेर या दोन गावांची नोंद आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून साधे जाडे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेत, असे तो सांगतो. पैठणहून निघालेली गोदावरी पुढे आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या शिवारातून वाहते. तेर आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. या दोन गावांच्या शेजारचा हा सगळा मुलूख कापसाचा.

ज्या सातवाहनांची राजधानी पैठणला होती, त्यांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. त्यानंतर काही शतकांनी अजिंठ्याच्या क्रमांक २ च्या लेण्यात चित्रकाराने उंच शिडांचे जहाज रंगवले. समुद्रापासून इतक्या दूर, मराठवाड्याच्या डोंगरात बसून त्याने शीड रंगवले, याचा अर्थ समुद्र इथल्या माणसाला परका नव्हता. याच अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याच्या दोराने फळ्या शिवून एक जहाज गोव्यात नव्याने बांधण्यात आले. त्याला 'कौंडिण्य' असे नाव देऊन २१ मे २०२५ रोजी कारवार इथे ते भारतीय नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यातल्या एका भिंतीवरचे शीड पुन्हा अरबी समुद्रावर फुगले.

मधल्या काळात शिडाच्या कापडाला स्वतःचे नावही मिळाले. मुंबईच्या डोंगरी भागात जाडेभरडे सुती कापड विकले जाई. त्याला लोक डंगरी म्हणत. ते तंबूंना लागे, शिडांना लागे, गरिबांच्या अंगावर असे. सतराव्या शतकात आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने कारवारच्या डंगरीची नोंद केली आहे. पुढे खलाशांनी त्याच कापडाचे कपडे शिवले आणि इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द मजुराच्या जाड विजारीसाठी रूढ झाला. आज परदेशी कंपनीची डंगरी आपली मुले हौसेने घालतात. तिचे नाव डोंगरीचे आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

पाथरीचा धागा चौलपर्यंत

परभणी जिल्ह्याचा समुद्राशी आणखी एक संबंध आहे, तो राजकीय आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीत आहे. या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. बहमनी दरबारात तो मुसलमान झाला आणि निजामुल्मुल्क या पदापर्यंत चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापन केले. पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी आपल्याकडे असावी यासाठी पुढच्या पिढीतल्या बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाई केली.

या निजामशाहीचे बंदर होते चौल. आजच्या रायगड जिल्ह्यातले हे बंदर त्या काळी एका बाजूला होर्मुझ, एडन, जेद्दा आणि दुसऱ्या बाजूला मलबार यांच्याशी जोडलेले होते. पोर्तुगीज आले आणि त्यांनी समुद्रावर परवान्याची सक्ती केली. निजामशाही जहाजांनाही तो परवाना घ्यावा लागे. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला, पण चौल पडले नाही. दख्खनचे हाजी तरीही समुद्रावरूनच जात राहिले. कुणी चौलहून, कुणी दाभोळहून, कुणी सुरतेहून. मोसमी वाऱ्याचा हिशेब चुकला की सगळे वर्ष वाया जाई, आणि वाटेत शीड फाटले की हिशेब चुकत असे.

हज म्हटले की आज आपल्याला विमान आठवते. मुंबईहून बोटीने हजला जाणे १९९५ मध्ये बंद झाले. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्या बोटीच्या आठवणी अजून ऐकायला मिळतात. त्या इंजिनाच्या बोटी होत्या. त्याआधीची शेकडो वर्षे मात्र लब्बैक म्हणत निघालेला प्रत्येक हाजी कापसाच्या कापडावर भिस्त ठेवून समुद्र ओलांडत होता. अल्लाहवर तवक्कुल आणि शिडाला टाका, दोन्ही लागत होते.

दर्यावरची बिरादरी

शीड सांभाळणारी माणसे कोण होती? अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी 'आईने अकबरी'त जहाजावरच्या माणसांचे बारा प्रकार दिले आहेत: नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, नाखुदा-खशब, सरहंग, भंडारी, करानी, सुक्कानगीर, पंजरी, गुनमती, तोपअंदाज आणि खारवा. यादीत खारवा शेवटी आहे. शिडे उभारणे व उतरवणे, पाण्यात बुडी मारून जहाजाच्या भेगा बुजवणे, अडकलेला नांगर सोडवणे ही कामे त्याची. जहाजाचे सगळे ओझे ज्याच्या हातावर, त्याचे नाव यादीत सर्वांत खाली! हे केवळ जहाजावरच होते असे नाही.

ही नावे वाचताना मराठी माणसाला ती परकी वाटत नाहीत. सरहंगचा सारंग झाला, सुक्कानचे सुकाणू झाले. बंदर, दर्या, खलाशी, नाखुदा, मोसमी वारा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठी झाले. त्यांच्या शेजारी शीड, डोलकाठी, परबाण, वल्हे हे शब्द तितक्याच सहजपणे नांदतात. परबाण म्हणजे ज्या आडव्या लाकडाला शीड बांधतात ते. मराठीचे 'शुद्धीकरण' करू पाहणाऱ्यांनी एकदा कोकणच्या एखाद्या मचव्यावर बसून पाहावे. यावनी शब्द गाळून नांगर उचलायचा म्हटले तर मचवा बंदरातच राहील.

शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर मराठ्यांनी किल्ला बांधायला घेतला तेव्हा बेटावर मायनाक भंडारी होता आणि पाण्यावर दौलतखान. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी हे दोघे विरोधात असताना त्यांनी बेट सोडले नाही. मराठ्यांची छोटी गलबते शीड आणि वल्ही दोन्हींवर चालत. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे थबकत आणि गलबते वल्ह्यांवर पुढे सरकत. दौलतखानाचे नाव आता बऱ्याच लोकांना ठाऊक झाले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण दौलतखानाच्या गलबतावर शीड शिवणारा कोण होता? तो भंडारी होता, कोळी होता की दालदी मुसलमान होता? आम्हाला वाटते तिघेही होते. एका शिडाला एका माणसाचे हात पुरत नाहीत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला स्वतंत्र प्रकरण दिले. पावसाळा लागण्याआधीच जहाजे सुरक्षित बंदरात आणून छावणीला ठेवावीत, दरसाल त्याच बंदरात छावणी करू नये, अशी तपशीलवार ताकीद त्यात आहे. राज्यकर्त्याला हे कळले होते की आरमार लढाईच्या दिवशी जितके लागते, तितकेच ते बांधून ठेवलेल्या चार महिन्यांत जपावे लागते. कोकणात आजही होड्या पावसाळ्यात वर ओढून झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेपर्यंतचा तो काळ दुरुस्तीचा. तोच शिडांच्या डागडुजीचाही काळ असे.

शीड कसे जगवायचे

आता या कामाकडे जरा जवळून पाहू. शीड म्हणजे एक मोठी चादर नव्हे. हातमागाच्या कापडाचा पन्हा लहान, म्हणून पट्ट्या एकमेकींना जोडून शीड तयार होते. प्रत्येक जोडावर दुहेरी शिवण असते. चारी कडांना कापड दुमडून त्यात किंवा त्यावर दोर शिवतात, कारण वाऱ्याचा सगळा ताण शेवटी कडांवर आणि कोपऱ्यांवर येतो. कोपऱ्यांना कापडाचे दोन-तीन थर देतात. कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने ओढले तर टिकते. तिरके ओढले तर ताणून बेढब होते. म्हणून पट्ट्या कोणत्या दिशेने लावायच्या, हे ठरवण्यात शीड बेतणाऱ्याचे खरे कसब. नवे सुती शीड लगेच जोराच्या वाऱ्यात उभारत नाहीत. हलक्या वाऱ्यात काही दिवस ते हळूहळू ताणू देतात, नाही तर त्याचा आकार कायमचा बिघडतो.

हत्यारे मोजकी. जाड दाभण, पिळदार सुती किंवा तागाचा दोरा, दोऱ्याला लावायला मेण, आणि दाभण ढकलताना तळहात सोलू नये म्हणून हाताला बांधलेला चामड्याचा पट्टा. आमच्या भागातल्या वाचकाला दाभण नवी नाही. मोंढ्यात कापसाची, ज्वारीची पोती शिवणारा हमाल हीच दाभण वापरतो. मेण लावलेला दोरा पाणी कमी पितो आणि भोकातून सरकताना कापड कापत नाही.

शिडाचे शत्रू चार. पहिला ओल. सुती शीड ओले असताना गुंडाळून ठेवले की काही दिवसांत त्यावर काळे ठिपके पडतात, मग ते बोटाने दाबले तरी फाटते. परभणीच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ऐन वेचणीत पाऊस आला की बोंडातल्या कापसाची कवडी कशी होते, हे तो दर काही वर्षांनी पाहतो. गंमत अशी की वारा अगदी मंद असला की खलाशी मुद्दाम शिडावर पाणी मारत. भिजलेला सुती धागा फुगतो, विणीतली भोके बुजतात आणि उरलासुरला वारा शिडात अडतो. पण बंदरात आल्यावर तेच शीड उलगडून वाळवल्याशिवाय घडी करायची नाही, हा नियम.

ओलीवरचा उतारा म्हणजे सालीचा काढा. झाडांच्या साली उकळून काढलेल्या लालसर-तपकिरी पाण्यात जाळी आणि शिडे भिजवत. त्यातले तुरट द्रव्य धाग्यात मुरते आणि कुज लांबवते. आपण पानाला लावतो तो कातही याच कामाला येतो. खैराचे लाकूड उकळून कात काढणारी जमात म्हणून कातकऱ्यांना ते नाव मिळाले. पुढे हा कात भारतातून आणि ब्रह्मदेशातून विलायतेपर्यंत गेला, आणि तिकडच्या कोळ्यांची शिडेही तांबूस दिसू लागली. विड्यात रंगणारा कात आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे तांबूस शीड ही एकाच खैराची लेकरे आहेत.

दुसरा शत्रू ऊन, तिसरे मीठ. ऊन धाग्याचा जीव शोषते. मिठाचे कण वाळल्यावर काचेसारखे धागा कापतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात. म्हणून मधूनमधून गोड्या पाण्याने धुणे आणि काम नसताना झाकून ठेवणे. चौथा शत्रू घासणे. डोलकाठीवर, दोरावर, परबाणावर ज्या जागी शीड रोज घासते तिथे ते आधी पातळ होते. शहाणा तांडेल तिथे फाटण्याची वाट पाहत नाही. आधीच ठिगळ लावून ठेवतो.

आणि ठिगळ लावण्याची रीत आहे. ठिगळाचे ताणे-बाणे मूळ कापडाच्या ताण्या-बाण्याला समांतर हवेत. कापड मूळ शिडाच्याच जाडीचे हवे. जास्त जाड, नवे कोरे कापड जुन्याला लावले तर जुने त्याच्या कडेने फाटते. कोपरे गोल करायचे, कारण टोकदार कोपरा तिथेच ताण गोळा करतो. फाटलेल्या जागेच्या पलीकडे चांगल्या कापडापर्यंत ठिगळ न्यायचे, आधी बाहेरच्या कडेने आणि मग आतल्या फाटीच्या कडेने टीप घालायची. लहानशी फाट असेल तर ठिगळाशिवाय, दोन्ही कडा जवळ आणून उलट्यासुलट्या टाक्यांनी विणल्यासारखी शिवायची. ती फार आवळायची नाही, नाही तर शीड तिथे चुणते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शीड फडफडू द्यायचे नाही. शीड फुगलेले असताना क्वचितच फाटते; ते फाटते फडफडताना. एका तासाची फडफड महिन्याच्या प्रवासाइतकी झीज करते, असे दर्यावर्दी मानतात. म्हणून वारा वाढायच्या आधी शीड आखडायचे. धाडस दाखवायला पूर्ण शीड उघडे ठेवणारा तांडेल नव्हे, तर वेळीच शीड आखडणारा तांडेल माणसे सुखरूप घरी आणतो.

मुंबईची 'सुहेली' आणि नवे कापड

आगबोटी आल्या आणि मोठ्या प्रवासातले शीड मागे पडले. १९५० नंतर मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसू लागली आणि किनाऱ्यावरची शिडेही कमी होत गेली. शीड उरले ते मुख्यतः हौशी सफरीच्या लहान नौकांवर. पण या नव्या गोष्टीतही आपला महाराष्ट्र आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या तरुण इंग्रज दर्यावर्दीने १९६३ ते १९६५ या काळात मुंबईत सागाची एक लहान नौका बांधून घेतली. ३२ फुटांची. तासणी आणि हाताचे सामते यांनी काम करणाऱ्या इथल्या सुतारांनी ती बांधली. नाव ठेवले 'सुहेली'. अरब खलाशी आखातातल्या आग्नेय वाऱ्याला या नावाने ओळखतात. सुहेल हा दक्षिणेकडचा तेजस्वी तारा, ज्याला मराठीत अगस्त्य म्हणतात. १४ जून १९६८ रोजी तो या नौकेतून इंग्लंडहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून २२ एप्रिल १९६९ रोजी परत पोहोचला. ३१२ दिवस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पोहोचला तो एकटाच. जगात असे करणारा पहिला माणूस.

हे ३१२ दिवस तो काय करत होता? बराचसा वेळ शिडे शिवत होता. एकदा हलत्या नौकेवर वाकून शिवताना त्याची मिशी शिवणीत अडकली आणि सुरी हाताच्या टप्प्याबाहेर राहिली. शेवटी मिशीचे केस गमावूनच सुटका झाली. पराक्रमाच्या कहाणीतला हा प्रसंग आम्हाला सर्वांत खरा वाटतो. जगाला फेरी घालणारा माणूस आणि मोंढ्यात पोते शिवणारा माणूस यांचे हात त्या क्षणी सारखेच होते.

नंतर गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी 'म्हादेई' ही ५६ फुटांची नौका बांधली. तिच्यातून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता ती केली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून फेरी पूर्ण केली.

या नौकांच्या शिडांत आता कापूस नाही. १९४१ मध्ये इंग्लंडात पॉलिस्टरचा शोध लागला आणि काही वर्षांत शिडे त्याची होऊ लागली. ते पाणी पीत नाही, कुजत नाही, ताणले तरी आकार धरून ठेवते. पण जपणे सुटले नाही. उन्हाने तेही विरते, म्हणून आवरण घालावे लागते. धुताना गोडे पाणी, सावलीत वाळवणे, इस्त्री मुळीच नाही, आणि घडी दर वेळी त्याच रेषेवर घालायची नाही. पॉलिस्टरचे कापड कडक असल्यामुळे टाके त्यात रुतत नाहीत, वर उठून राहतात. घासण्याला आणि उन्हाला आधी बळी पडतो तो दोरा, कापड नव्हे. म्हणून कापड धडधाकट दिसत असतानाच शिवण नखाने ओढून तपासायची असते. दोन तुकडे कितीही मजबूत असोत, त्यांना जोडणारा दोरा कुजला की शीड उभे फाटते. आपल्या समाजाबद्दल आणि देशाबद्दल हे वाक्य वेगळे लिहायची गरज आहे, असे आम्हाला वाटत नाही.

परभणीत काय उरले

निजामाच्या राज्यात हैदराबाद-मनमाड रेल्वे विसावे शतक उजाडताना पूर्ण झाली. सेलू, मानवत, परभणी, पूर्णा या गावांचा कापूस रेल्वेने मुंबईला जाऊ लागला, आणि कापड गिरणीतून परत येऊ लागले. हातमाग मागे पडला. साळी, कोष्टी, मोमीन यांचे माग थंडावले. पिंजारी काही काळ टिकला. गाद्या-लेप भरायला त्याची धनुकली गल्लोगल्ली वाजत असे. मग पिंजण्याचे यंत्र आले, त्यानंतर फोमची गादी. नदाफ, मन्सुरी ही आडनावे राहिली, धनुकलीचा आवाज गेला.

कापसाचेही तेच झाले. आमचा देशी कापूस आखूड, जाड धाग्याचा. कमी पाण्यात तग धरणारा. संकरित वाण आले आणि २००२ पासून बीटी कापूस आला, तसा देशी कापूस बांधाबाहेर गेला. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेहबूब बाग केंद्राने देशी कापसावर काम चालू ठेवले. त्यांच्या एका वाणाचे नाव 'परभणी तुराब'. हे नाव ऐकले की परभणीकराला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आणि फेब्रुवारीतला उरूस आठवतो. तुराब म्हणजे माती. कापसाच्या वाणाला याहून शोभणारे नाव आम्हाला सुचत नाही.

आणि शीड शिवण्याचा हुनर? तो दुसऱ्या नावाने आमच्यातच आहे. कोणत्याही मोंढ्याच्या रस्त्यावर जा. ताडपत्री शिवणारा कारागीर जमिनीवर मांडी घालून बसलेला दिसतो. फाटलेल्या ताडपत्रीला तो गोल कोपऱ्याचे ठिगळ लावतो, कडेने दोर घालतो, कोपऱ्यांना दुहेरी थर देऊन पितळी कड्या ठोकतो. ताडपत्री हा शब्द ताडाच्या पानाचा वाटतो. पण या कापडाचे विलायती नाव डांबरावरून पडलेले आहे, आणि जहाजावरचा माल झाकायला डांबर लावलेले कापड वापरायचे, तिथून ते आले. समुद्र परभणीपर्यंत पोहोचला आहे, फक्त कुणी त्याला समुद्र म्हणत नाही. मंडप शिवणारे, तंबू शिवणारे, पोती शिवणारे, आणि घरात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आया-बहिणी हे सगळे याच बिरादरीतले. सूफींच्या खिरक्याचा मूळ अर्थही फाटका कपडा, चिंधी असाच आहे. ठिगळाला आपल्याकडे कधी लाज नव्हती.

मुसलमानांचा इतिहास म्हटला की पाठ्यपुस्तकात बादशहा येतात आणि लढाया येतात. मग त्या बादशहांचा हिशेब आजच्या पिंजाऱ्याच्या, हमालाच्या, दर्ज्याच्या मुलाकडून मागितला जातो. या मुलाचा आजा कुठल्याही गादीवर बसला नव्हता. त्याने गाद्या भरल्या होत्या. त्याचा पणजा दर्यावर राज्य करत नव्हता. दर्यावर चालणाऱ्या शिडाचे सूत त्याच्या घरात पिंजले जात होते. हा इतिहास सांगायला आपल्याकडे सनदा नाहीत, पण शब्द आहेत, हत्यारे आहेत आणि अजून काही म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत ती कामे आहेत.

म्हणून आमची वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या गावातल्या एखाद्या नदाफाकडे, मोमिनाकडे, ताडपत्रीवाल्याकडे एक दुपार बसा. धनुकलीच्या प्रत्येक भागाला तो काय म्हणतो, टाक्यांना काय नावे देतो, काम कुणाकडून शिकला, हे वहीत उतरवून घ्या. कोकणातल्या मित्रांनी हेच एखाद्या निवृत्त तांडेलाकडे बसून करावे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर घाटावरच्या आणि किनाऱ्यावरच्या मराठी मुसलमानाचा एक अखंड इतिहास त्यांतून जुळेल. तो जुळवायला कुणा बादशहाची गरज पडणार नाही. एक दाभण आणि मेण लावलेला दोरा पुरेल.